बाळंतिणीचं मन आणि बाळाची वाढ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावपातळीवर काम करणाऱ्या आरोग्यसेविका, स्वयंसेविका, बाळंतिणीच्या जावा-नणंदा आणि क्वचित स्वतः बाळंतिणी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे. सगळं एका बैठकीत वाचायची गरज नाही. मात्र आई जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल तर आधी प्रश्न १८ वाचा, आणि बाळंतपणानंतर अचानक असंबद्ध वागायला लागली असेल तर प्रश्न १९.

१. बाळंत झाली की बाई चार दिवस रडतेच. त्यात आजार कुठून आला?

चार दिवस रडते, हे खरंच. निम्म्याहून जास्त बाळंतिणींना तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच भरून येतं, चिडचिड होते. संप्रेरकं झपाट्याने उतरलेली असतात आणि झोप तुटलेली असते. दोन आठवड्यांच्या आत हे आपोआप निवळतं. जवळ कुणी असलं आणि बाईला जरा झोप मिळाली की पुरतं.

नैराश्याचं तसं नाही. दोन आठवडे उलटले तरी ते हटत नाही आणि कामात, खाण्यात, झोपेत आडवं येतं. त्यात रडू येईलच असंही नाही. कित्येक जणींना काही वाटेनासंच होतं. बाळाला उचलतात, पाजतात, खाली ठेवतात, सगळं नीट करतात, पण त्यात त्या स्वतः नसतात. हे गरोदरपणातही सुरू होतं, बाळ सहा-आठ महिन्यांचं झाल्यावरही होतं. म्हणून ‘बाळंतपण होऊन बरेच दिवस झाले, आता कसलं नैराश्य’ हा हिशेब चुकीचा.

२. घरात पैसा नाही, पाऊस नाही, कर्ज आहे. तिथे कुणीही उदास असणारच. याला आजार म्हणून काय साधणार?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो राग रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात गरोदर स्त्रियांपैकी सुमारे १० टक्के आणि नुकत्याच बाळंत झालेल्यांपैकी १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. विकसनशील देशांत हेच आकडे १५.६ आणि १९.८ टक्के आहेत. म्हणजे परिस्थितीचा वाटा उघड आहे. कर्ज, मारहाण, मुलगीच झाली म्हणून बोलणी, माहेर लांब, यातलं काहीही बाईच्या डोक्यातून निघालेलं नाही.

पण त्याच गरीब गावातल्या दर पाच बाळंतिणींपैकी चार जणींना नैराश्य येत नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. गरिबीत दुःख असतंच. नैराश्य आलं की त्या दुःखातून वाट काढायची ताकदही जाते. रांगेत उभं राहायचं, भावाला निरोप धाडायचा, बाळाला लस टोचून आणायची, यातलं काहीच होईनासं होतं. उपचार करायचा तो ही ताकद परत यावी म्हणून. कर्ज त्याने फिटणार नाही (त्याबद्दल प्रश्न ११).

३. मी विचारते ‘बरी आहेस ना?’ ती म्हणते ‘बरी आहे.’ पुढे काय बोलू?

‘ना’ काढून टाका, तिथून सुरुवात करा. ‘बरी आहेस ना?’ या प्रश्नातच उत्तर भरलेलं असतं, ती फक्त ते परत करते. मीही सुरुवातीला रकानाभर ‘ठीक’ लिहून आणत असे आणि गाव फार सुखी आहे असं समजत असे.

एका घरी बाई माझ्याशी बोलता बोलता बाळाचं दुपटं घडी करत होती. घडी झाली की उलगडायची, पुन्हा घडी. बाळ शेजारीच जागं होतं आणि दाराच्या उजेडाकडे बघत होतं. आईकडे बघत नव्हतं. मी विचारलं, ‘बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का?’ तिचा हात थांबला. म्हणाली, ‘नाही. पडून राहते.’ पुढचा अर्धा तास तीच बोलली.

झोपेचा हा प्रश्न फार उपयोगाचा आहे. बाळ जागवतं म्हणून झोप न होणं आणि बाळ झोपलं तरी झोप न येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय झोपेविषयी बोलायला कुणाला लाज वाटत नाही. त्यानंतर गेल्या दोन आठवड्यांबद्दल दोन साध्या गोष्टी विचारा: मन बहुतेक वेळ खाली-खाली, निराश वाटतं का? आणि आधी ज्यात मन रमायचं त्यात आता रमतं का?

‘नैराश्य’ हा शब्द वापरू नका. तो कागदावरचा आहे. ती ‘अंगात त्राण नाही’, ‘डोकं भणभणतं’, ‘छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं’ असं सांगेल. तोच शब्द उचला आणि त्याच शब्दात पुढचा प्रश्न विचारा. झिम्बाब्वेत शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे अति विचार करणं. तिथल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी आजाराचं इंग्रजी नाव बाजूला ठेवून याच शब्दावर आपलं सारं काम उभं केलं.

एक सावधगिरी मात्र पाळा. अंगात त्राण नाही म्हणणारी प्रत्येक बाई मनानेच खचलेली असते असं नाही. रक्त कमी असणं आणि थायरॉइडचा बिघाड या दोन्हींत थकवा, उदासी अशीच दिसते. तेवढी तपासणी करून घ्या.

४. प्रश्नावलीत गुण जास्त आले. म्हणजे नैराश्य आहे हे पक्कं झालं का?

नाही. सगळ्यात जास्त वापरली जाणारी एडिनबर्ग प्रश्नावली १९८७ सालची, १० प्रश्नांची आणि ० ते ३० गुणांची आहे. ती चाळणी आहे. चाळणीवर जे राहिलं ते नीट पाहायचं, इतकंच ती सांगते. कितीच्या वर गुण म्हणजे काळजी, हा आकडा भाषेनुसार आणि प्रदेशानुसार बदलतो, त्यामुळे तुमच्या भाषेत तपासून घेतलेलीच प्रत वापरा आणि वाचता न येणाऱ्या बाईला एकटीला गाठून वाचून दाखवा. एकूण गुण कितीही कमी असले तरी शेवटचा, स्वतःला इजा करण्याविषयीचा प्रश्न वेगळा पाहायचा. तिथे ‘कधीच नाही’ सोडून दुसरं काहीही आलं तर थेट प्रश्न १८.

५. आई उदास म्हणजे बाळ मंद होणार, असं ऐकलं. खरं आहे का?

असं कुठल्याही आईला सांगू नका. ती आधीच स्वतःला दोष देत असते, त्यात ही भर नको.

खरं काय ते सांगते. बाळाची वाढ देवाणघेवाणीतून होते. बाळ ‘आं’ करतं, आई ‘आं?’ करते, बाळ पाय झाडतं, आई हसते. असं दिवसातून शेकडो वेळा होतं. १९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. आईने बाळाशी नेहमीसारखं खेळायचं आणि मग काही वेळ चेहरा अगदी कोरा ठेवायचा. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. काहीच येत नाही म्हटल्यावर मान फिरवतं. काही महिन्यांच्या बाळाला एवढं कळतं. नैराश्यात आईचा चेहरा असा कोरा होतो. प्रयोगात तो काही क्षणांपुरता असतो, नैराश्यात दिवसच्या दिवस. शिवाय पाजणं, लसीकरण, जुलाब झाले की लगेच घेऊन जाणं, सगळ्यालाच उशीर होतो. कुपोषण आणि आजारपण जिथे जास्त, तिथे त्या उशिराची किंमतही जास्त.

पण त्याच प्रयोगाचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. आई पुन्हा हसली की बाळ परत येतं. थोडं कुरकुरतं, रुसतं, पण येतं. जगातली कुठलीच आई दर वेळी प्रतिसाद देत नाही. तुटलेलं पुन्हा जुळणं हेच बाळ शिकत असतं. आणि दुसरं कुणी प्रेमाने, रोज, तेच करत असेल तर बाळाचं बरंच भागतं. आजी, मोठी बहीण, बाप, कुणीही चालतं. आई दवाखान्यात असेल किंवा घरात नसेलच, तरी हेच लागू.

६. तीन महिन्यांच्या बाळाला काय कळतं? त्याच्याशी काय बोलायचं?

शब्द कळत नाहीत. सूर, चेहरा आणि आपली पाळी कधी ते कळतं. आईला करून दाखवताना मी बाळाला तिच्याच मांडीवर ठेवते, माझ्या नाही. माझ्या हातात बाळ हसलं तर ‘हिला जमतं, मला जमत नाही’ एवढंच तिच्या मनात राहतं. बाळाचं तोंड आईकडे, अंतर वीतभर. मग थांबायचं. हे थांबणंच सगळ्यात अवघड, कारण आपल्या मोठ्या माणसांना गप्प बसवतच नाही. थोड्या वेळाने बाळ काहीतरी करतं, जीभ काढतं, भुवया उचलतं, हुंकार देतं. तेच परत करायचं आणि पुन्हा थांबायचं. त्याने मान वळवली तर त्याला विश्रांती हवी आहे, मागे लागायचं नाही.

काय बोलायचं सुचत नसेल तर जे करतोय तेच सांगायचं. ‘आता पाय धुतला. आता दुसरा. गार लागलं?’

७. खेळणी घ्यायला पैसे नाहीत.

लागत नाहीत. झाकण पक्कं बसवलेल्या बाटलीत खडे, धुतलेलं फडकं, वाटीवर वाटी, लाकडी चमचा. दोनच नियम: बाळाच्या घशात जाईल एवढं लहान काही नको, आणि टोकदार किंवा रंग निघणारं काही नको. जमैकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत वाढ खुंटलेल्या १२९ मुलांवर १९८०च्या दशकात एक अभ्यास सुरू झाला. त्यातल्या निम्म्या मुलांच्या घरी सामुदायिक आरोग्य सहायिका दोन वर्षं आठवड्यातून एकदा तासभर जात आणि अशाच घरगुती खेळण्यांनी आईला बाळाशी खेळायला शिकवत. ती मुलं २२ वर्षांची झाली तेव्हा त्यांची कमाई, असं खेळणं न मिळालेल्या मुलांपेक्षा २५ टक्के जास्त होती. वस्ती शहरी होती हे खरं, पण बाटलीतले खडे सगळीकडे सारखेच वाजतात.

८. आई पहाटेपासून शेतात, पाण्याला, सरपणाला. खेळायला वेळ कुठून आणायचा?

वेगळा वेळ मागू नका. ‘रोज अर्धा तास बाळाशी खेळा’ असं जिला सांगून याल ती बाई पुढच्या वेळी दार उघडत नाही, आणि बरोबर करते. पाजताना, आंघोळ घालताना, दुपटं बदलताना आई बाळाजवळ असतेच. तिथेच प्रश्न ६ मधलं दोन मिनिटं करायचं. मात्र बाळाला दिवसभर घरातली थोरली पोर सांभाळत असेल तर तुमचा खरा विद्यार्थी ती पोर आहे. तिला शिकवा. फक्त तिची शाळा त्यात बुडत असेल तर तो वेगळा आणि मोठा प्रश्न आहे, तो झाकू नका.

९. मी डॉक्टर नाही, दहावीपर्यंत शिकले. मनाच्या आजारावर मी काय करणार?

पुष्कळ. पाकिस्तानात रावळपिंडी जिल्ह्याच्या ग्रामीण भागात अतिफ रहमान आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं, निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. गावातल्याच आरोग्यसेविकांना थोडक्या दिवसांचं प्रशिक्षण दिलं. नैराश्यात असलेल्या बायकांकडे गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून पुढे मिळून १६ भेटी (बोलण्याची पद्धत प्रश्न १० मध्ये). बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा भेटी मिळालेल्या मातांपैकी २३ टक्के अजून नैराश्यात होत्या. ज्यांच्याकडे सेविका जात होत्या, पण या पद्धतीने बोलत नव्हत्या, त्यांच्यात हे प्रमाण ५३ टक्के होतं. वर्षभराने २७ आणि ५९. बाळांना जुलाब कमी झाले, लसी जास्त पूर्ण झाल्या. याच पद्धतीची पुस्तिका पुढे जागतिक आरोग्य संघटनेने काढली.

झारखंड आणि ओडिशात बायकांच्या गटांनी दर महिन्याला बसून गरोदरपणाच्या आणि नवजात बाळांच्या अडचणी आपसांत सोडवल्या. तिथे नवजात मृत्यू घटले आणि तिसऱ्या वर्षी मातांमधलं मध्यम स्वरूपाचं नैराश्य ५७ टक्क्यांनी कमी आढळलं. त्या बैठकींत नैराश्य हा विषयच नव्हता, हे मला फार बोलकं वाटतं.

आता दुसरी बाजू. रावळपिंडीत आया सुधारल्या, पण बाळांच्या वजन-उंचीत ठळक फरक पडला नाही. उलट दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळच्या खायेलित्शा वस्तीत गृहभेटींचा भर आई-बाळाच्या नात्यावर होता. तिथे नातं सुधारलं, आईचं नैराश्य मात्र फारसं हललं नाही. म्हणजे एकाला हात लावला की दुसरं आपोआप होईल, अशी आशा धरू नये. युगांडात लिरा भागातल्या ग्रामीण कार्यक्रमाने १२ बैठकींत बाळाशी खेळणं आणि आईचं मन दोन्ही घेतलं, बापांनाही बोलावलं. तिथे मुलांची बुद्धी-भाषा आणि आईची मनःस्थिती, दोन्ही सुधारली. माझा आग्रह त्यामुळेच एका भेटीचा आहे: बाळाचं वजन-लसींचं कार्ड आणि आईचं मन एकाच बसण्यात.

तुमची मर्यादाही लक्षात ठेवा. प्रश्न १७, १८, १९ मध्ये लिहिलेलं तुम्ही एकटीने सांभाळायचं नाही.

१०. मग भेटीत नेमकं करायचं काय?

रावळपिंडीच्या पद्धतीचा गाभा साधा आहे. आधी तिच्या मनात फिरणारा घातक विचार पकडायचा, मग त्याच्याजागी दुसरा ठेवून बघायचा, मग त्यावर एक लहान कृती. हे तीन ठिकाणी: तिची स्वतःची तब्येत, बाळाशी नातं, आजूबाजूच्या माणसांशी नातं.

समजा ती म्हणाली, ‘माझं दूधच चांगलं नाही, म्हणून बाळ रडतं.’ ‘असं काही नसतं गं’ म्हणायचं नाही. त्याने तिचं बोलणं संपतं. विचारायचं, ‘काल किती वेळा पाजलंस? लघवी किती वेळा झाली? महिन्याभरात वजन किती वाढलं?’ कार्डावरचा आकडा तिच्याच बोटाने दाखवायचा. मग, ‘रडण्याचं आणखी काय कारण असेल?’ उत्तर तिच्याकडून येऊ द्या, उशिरा आलं तरी. आणि उठण्याआधी एकच गोष्ट ठरवा, पुढच्या भेटीपर्यंत होईल एवढी लहान. संध्याकाळी बाळाला घेऊन पाच मिनिटं ओट्यावर बसणं, एवढीही चालते. पुढच्या वेळी ती झाली का ते विचारा. नाही झाली तर तिला दोष न देता आणखी लहान करा.

११. घरात दाणा नाही आणि मी गोड बोलून येते. मलाच लाज वाटते.

वाटायलाच हवी थोडी, त्याशिवाय आपण हलणार नाही. भुकेल्या बाईला ‘विचार बदल’ सांगणं क्रूर आहे. अन्न, मजुरी, योजनेचा पैसा, ओळखपत्राचा कागद, यातलं जे तिला मिळण्यासारखं आहे ते मिळवून देणं हा भेटीचाच भाग आहे. कागद घेऊन तिच्याबरोबर कचेरीत जाणं हा मला अनेकदा सगळ्यात चांगला मानसोपचार वाटला आहे. आणि बोलण्याच्या मर्यादाही कबूल करू. गोवा आणि रावळपिंडीत प्रशिक्षित सेविकांऐवजी साध्या शेजारणींनी हेच काम केलं, तेव्हा २०१९ मध्ये आलेले निकाल बरेच माफक होते.

१२. सासू जागची हलत नाही. एकांत कसा मिळवू?

सासूला बाहेर काढायचा बेत आखलात की ती जास्तच चिकटून बसेल. आत जाताना बाळाचं निमित्त न्या आणि पहिला प्रश्न तिलाच विचारा: ‘तुम्ही इतकी पोरं वाढवलीत, हे कसं करायचात?’ दोन-तीन भेटींनी ती स्वतःच बाळाला घेऊन अंगणात जाते. तिच्या बाळंतपणात तिला कुणी विचारलं नव्हतं, हे कधी कधी तिथेच बाहेर येतं. आईला विश्रांती मिळेल की नाही हे घरात बहुधा तिच्याच हातात असतं, म्हणून ती तुमच्या बाजूने हवी. मात्र सासूचाच जाच असेल तर वजन करायला, लस द्यायला केंद्रावर बोलवा आणि तिथे बोला.

१३. बाळाच्या बापाला यात का ओढायचं?

कारण त्यालाही होतं. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचं एकत्रित गणित मांडलं तर बाळाच्या आगेमागे सुमारे १० टक्के बापांमध्ये नैराश्य दिसतं. पुरुषांत ते बऱ्याचदा चिडण्यातून, दारूतून, घराबाहेर राहण्यातून दिसतं. त्याला काम द्या, उपदेश नको. रात्रीचं एकदा बाळ तो घेईल, एवढं ठरलं तरी आईला सलग चार तास झोप मिळते.

१४. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पाजलं तर चालेल का?

बहुतेक वेळा चालतं. नैराश्यावरच्या सर्ट्रालिनसारख्या औषधाचा फार थोडा अंश दुधात उतरतो. डॉक्टरांना ‘पाजते आहे’ आणि ‘बाळ कमी दिवसांचं आहे’ हे मात्र स्पष्ट सांगायचं. मनाच्या तीव्र चढउतारांवरचं लिथियम चालू असेल तर वेगळी देखरेख लागते. व्हॅल्प्रोएट (हे फिट्सवर आणि अशाच चढउतारांवर देतात) गर्भातल्या बाळाला अपाय करतं, त्यामुळे पुन्हा दिवस राहू शकणाऱ्या बाईला ते देण्यात धोका असतो, हे डॉक्टरांना विचाराच. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत.

१५. बाळ फार शहाणं आहे, रडतच नाही. कौतुक करायचं की काळजी?

आधी बघायचं. चेहऱ्याकडे बघतं, हसतं, आवाजाला दचकतं, भुकेला रडतं, तर कौतुक करा. हे काहीच नसेल तर ‘शहाणं’ हा शब्द धोक्याचा. मागून मागून काही मिळालं नाही की बाळ मागणं सोडतं. शिवाय ऐकू न येणं, दिसण्यात अडचण, थायरॉइड, कुपोषण यांतही बाळ असंच गप्प दिसतं.

तीन महिने झाले तरी चेहरा बघून हसत नाही, चार महिन्यांत मान धरत नाही, नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसत नाही, वर्ष होत आलं तरी ‘बाबा-दादा’ असे आवाज नाहीत, दीड वर्षात चालत नाही, तर डॉक्टरांना दाखवा. जे येत होतं ते जाऊ लागलं तर वय कितीही असो, वाट बघायची नाही. आईच्या नैराश्यावर सगळं ढकलून बाळाची तपासणी टाळणं ही आपल्यासारख्यांकडून होणारी नेहमीची चूक आहे.

१६. बाळ दोन महिने आधी झालं. त्याला हेच महिने लावायचे का?

नाही. जितके आठवडे आधी झालं तितके वजा करा, आणि दोन वर्षांपर्यंत तसंच मोजा. सहा महिन्यांचं असेल आणि दोन महिने आधी झालेलं असेल, तर चार महिन्यांच्या बाळाचं जे ते त्याचं. अपवाद लसींचा: लसी जन्मतारखेप्रमाणेच. अशा बाळांना उघड्या छातीशी धरण्याची पद्धत १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियात बोगोटा इथे सुरू झाली. जन्मल्याबरोबर ती सुरू केली तर कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू २५ टक्क्यांनी घटतात, असं २०२१ मध्ये भारतासह पाच देशांच्या अभ्यासात दिसलं. बाळ नाजूक म्हणून हात लावायला घाबरलेल्या आईला ‘तुझी छाती हेच याचं औषध’ हे सांगता येतं, आणि ते खरं आहे.

१७. नवरा मारतो असं तिने सांगितलं. मी त्याच्याशी बोलू का?

नको. तुम्ही बोलून निघून जाल, ती घरात राहील. ऐका, विश्वास ठेवा, ‘यात तुझी चूक नाही’ असं स्पष्ट म्हणा. घरात राहणाऱ्या कार्डावर काहीही लिहू नका. कुणाच्या घरी धावता येईल, पैसे आणि कागद कुठे ठेवायचे, बाळाला कोण उचलेल, हे तिच्याबरोबर ठरवा. तक्रार करायची की नाही हे तिने ठरवायचं. गळा दाबणं, हत्यार, जिवे मारण्याची धमकी, बाळाला इजा, यातलं काही असेल तर त्याच दिवशी तुमच्या वरिष्ठांना सांगा.

१८. ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असं म्हणाली. मी विषय बदलला. चुकलं का?

चुकलं, पण आज परत जाता येईल. जा. आणि सरळ विचारा: ‘जीव द्यावा असं मनात येतं का? कसा, ते ठरवलं आहे का? बाळाबद्दलही असं काही येतं का?’ विचारल्याने डोक्यात खूळ शिरत नाही, उलट एकटीने वाहिलेलं ओझं उतरतं. ‘पदरात लेकरू आहे, असं बोलू नये’ हे वाक्य गिळून टाका.

ठरवलेलं असेल, साधन हाताशी असेल, तर तिला क्षणभरही एकटी सोडू नका. घरातलं कीटकनाशक, गोळ्या, दोर बाहेर काढून दुसऱ्याच्या ताब्यात द्या. शेतीच्या गावात ही एक गोष्ट जीव वाचवते, कारण असा झटका बऱ्याचदा काही तासांत ओसरतो. त्याच दिवशी दवाखाना. भारतात असाल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. गुप्ततेचं वचन इथे मोडायचं असतं, आणि ते तिला सांगून मोडायचं.

१९. बाळंतपणाला आठ दिवस झाले. ती झोपत नाही, काहीबाही बोलते, बाळ बदललं म्हणते. घरचे बाहेरची बाधा म्हणतात.

आजच्या आज दवाखान्यात. हजारात एक-दोन बाळंतिणींना होणारा हा तीव्र आजार बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, एकदम सुरू होतो. एका तासाला बरी, पुढच्या तासाला भ्रमात, असं असतं. त्यामुळे घरच्यांना नाटक वाटतं. यात आईच्या आणि बाळाच्या जिवाला धोका असतो. बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवू नका. ताप आहे का बघा, जंतुसंसर्गातही असं होतं. बाधेवरून वाद घालू नका. ‘तुमचं जे करायचं ते करा, पण गाडी आत्ता निघू दे’ एवढंच धरून ठेवा. उपचारांनी बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात. पुढच्या बाळंतपणात पुन्हा होण्याची शक्यता मात्र असते, म्हणून पुढच्या वेळी दिवस राहताच डॉक्टरांना कळवायचं.

२०. बाळ गेलं. यादीतून तिचं नाव निघालं. तरी जायचं का?

जायचं. यादी बाळाची होती, ती बाळाची आईही होती. बाळ गेल्यावरही दूध येतं, छाती दुखते, ओल येते, आणि याबद्दल तिला आधी कुणीच सांगितलेलं नसतं. थंड पट्टी, घट्ट पण न आवळणारं कापड, ताप आला तर दवाखाना, इथून बोलणं सुरू करा. ‘दुसरं होईल’ म्हणू नका. नाव ठेवलं असेल तर नावाने बोला. सहा आठवडे, तीन महिने आणि वर्ष झाल्यावर पुन्हा एकदा जा. दुःखाला औषध नाही, पण त्यातून नैराश्य उभं राहिलं तर ते प्रश्न ३ च्या पद्धतीने कळतं.

२१. हे सगळं ऐकून रात्री मलाच झोप येत नाही.

मग हे कुणाला तरी सांगा, एकटीने धरून ठेवू नका. महिन्यातून एकदा वरिष्ठाबरोबर फक्त ‘मला काय जड गेलं’ यावर बसायची वेळ मागून घ्या. मिळत नसेल तर शेजारच्या गावातल्या सेविकेबरोबर स्वतः ठरवा, बाईचं नाव न घेता बोलता येतं. एका दिवसात अशा दोनपेक्षा जास्त जड भेटी ठेवू नका. आणि प्रश्न ३ मधला झोपेचा प्रश्न स्वतःलाही विचारा. सलग दोन आठवडे उत्तर ‘पडून राहते’ असंच येत असेल, तर तुम्हीही दवाखान्यात जा.